चाळीतलं बालपण, सभागृहातलं मत

महापालिकेच्या निवडणुकीत दाराखालून सरकवलेली पत्रकं एकाखाली एक ठेवून वाचली, तर पक्ष वेगळे, चिन्हं वेगळी, बालपण मात्र सगळ्यांचं एकच निघतं. वडील गिरणीत, गोदीत किंवा बेस्टमध्ये. आई चार घरची धुणीभांडी करणारी, नाहीतर खानावळ चालवणारी. दहा बाय बाराची खोली, पालिकेची शाळा, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास. मग मंडळ, दहीहंडी, रक्तदान शिबिर, करोनात वाटलेली धान्याची पाकिटं. शेवटी हात जोडलेला फोटो आणि खाली 'तुमच्यातलाच एक'. 15 जानेवारी 2026 ला मुंबईसह राज्यातल्या 29 महापालिकांचं मतदान झालं, तेव्हा हा मजकूर किती वेळा छापला गेला असेल त्याचा हिशेब छापखानेवालेच देऊ शकतील.

हसण्यावारी न्यावं असं यात काही नाही. यातली बरीच बालपणं खरी असतात. सोलापूरच्या कोर्टात पट्टेवाला असलेले सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री झाले. भायखळ्याच्या बाजारात भाजी विकलेले छगन भुजबळ मुंबईचे महापौर झाले. ठाण्यात रिक्षा चालवलेले एकनाथ शिंदे 1997 मध्ये नगरसेवक आणि 2022 मध्ये मुख्यमंत्री झाले. त्यांच्या राजकारणाबद्दल कुणाचं काहीही मत असो, ही वाट या राज्यात आहे, ही चांगलीच गोष्ट. पण कष्टकरी घरातलं बालपण आपण चारित्र्याच्या दाखल्यासारखं वाचतो, तिथे गडबड होते. दाखला मिळाला की आपण पुढे काही विचारत नाही. खरं तर ते बालपण सांगून उमेदवार एवढंच म्हणत असतो की मला अमुक अमुक ठाऊक आहे. मग लगेच विचारायला हवं: ठाऊक होतं ना, मग त्याचं सभागृहात काय केलंस?

काय ठाऊक असतं ते आधी नीट बघू, कारण ते थोडंथोडकं नसतं. वस्तीतलं सार्वजनिक शौचालय घ्या. ज्याच्या घरात संडास आहे त्याच्यासाठी हा आकडेमोडीचा विषय: इतकी माणसं, इतक्या सीट, इतका निधी. जो त्या रांगेत उभा राहून मोठा झाला त्याला भलत्याच गोष्टी माहीत असतात. कडी तुटलेली असली की बाई एकटी जात नाही, दाराशी उभं राहायला कुणीतरी सोबत न्यावं लागतं. बल्ब गेला की मुली संध्याकाळपासून पाणी पिणं कमी करतात. वरच्या टाकीची मोटर बंद पडली की प्रत्येकजण घरून डबा भरून नेतो, म्हणजे घरातलं पाणी तेवढं कमी. मैला उपसणारी गाडी गल्लीत शिरत नाही, टाकी तुंबते आणि एकेक सीट वापरातून जाते. कागदावर वीस सीट, चालू बारा. यातलं काही अंदाजपत्रकात सापडणार नाही. नवीन शौचालयाला आमदार निधी आहे, खासदार निधी आहे, नगरसेवक निधी आहे, कारण तिथे नारळ फुटतो आणि नावाची पाटी लागते. कडी बदलल्याची पाटी कोण लावणार? मुंबईत वस्ती स्वच्छता कार्यक्रमाखाली बांधलेली शौचालयं चालवायला वस्तीतल्याच संस्थेकडे दिली जातात, कुटुंबामागे महिन्याचा पास काढून. ती संस्था धड चालते की एखाद्या कार्यकर्त्याची दुकानदारी झाली आहे, हे तिथे राहणाऱ्याला बरोबर कळतं. वॉर्ड ऑफिसातल्या इंजिनिअरला कळेलच असं नाही.

पाण्याचं तेच. पालिकेच्या लेखी पाणी 'येतं'. ते पहाटे साडेचारला येतं, पाऊण तास येतं, आणि गल्लीच्या टोकाला येईपर्यंत त्याला दाब उरत नाही, हे लेखी नसतं. साडेचारला उठून पाणी भरणारी बाई सात वाजता दुसऱ्याच्या घरी कामाला पोचते. तिला मुलाच्या शाळेच्या दाखल्यासाठी, सासूच्या केसपेपरसाठी, रेशनच्या दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून, प्रत्येक कामाला एकेक फेरी असते आणि प्रत्येक फेरीला खाडा पडतो. महिन्याच्या पगारावर जगणाऱ्याला ही भाषाच परकी आहे. तो अर्ध्या दिवसाची रजा टाकतो. रोजंदारीवरच्या माणसाचा त्या दिवशीचा बाजारच येत नाही. खिडकी सकाळी आठला उघडावी की दहाला, याचा निर्णय घेताना खाडा म्हणजे काय हे माहीत असलेला एकजण तरी टेबलाशी हवा. 2011 च्या जनगणनेप्रमाणे मुंबईतली सुमारे 42 टक्के माणसं झोपडवस्तीत राहत होती. अशा शहराच्या 227 जणांच्या सभागृहात ही माहिती रक्तात असलेली माणसं नसतील तर ते सभागृह बहिरं म्हणावं लागेल. तेव्हा 'पार्श्वभूमीशी काय घेणंदेणं, काम बघा' असं म्हणणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही. तसं म्हणणाऱ्यांची स्वतःची पार्श्वभूमी बहुधा नळाला चोवीस तास पाणी असलेली असते.

पण बालपण माहिती देतं, बाजू देत नाही. गिरणगावाने हे आपल्याला फार पूर्वी शिकवलंय. परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा 5 जून 1970 ला खून झाला. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांना हरवून वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते त्याच चाळींतले, त्याच व्यायामशाळांत आणि कबड्डीच्या मैदानांत घडलेले, एकाच भोंग्यावर ज्यांचे बाप कामाला जात असत. एकाने लाल बावटा घेतला, दुसऱ्याने भगवा. कोण बरोबर होतं हा वाद अजून घराघरांत होतो आणि इथे तो मिटवायचा नाही. एवढंच दिसतं की चाळ माणसाला एकच एक राजकारण देऊन पाठवत नाही. आणि 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात ज्यांच्यामागे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उभे राहिले, 1984 मध्ये ज्यांना या कामगारांनी लोकसभेत पाठवलं, ते दत्ता सामंत गिरणीत कधी साचा चालवत नव्हते. ते डॉक्टर होते.

गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं, ते तर या लेखाच्या मुद्द्याला थेट भिडतं. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत ठरलं होतं की गिरणीची जमीन विकासाला काढली तर तिचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेला मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची, बांधकाम पाडून मोकळ्या होणाऱ्या जागेची नाही. झालं, पालिकेच्या आणि म्हाडाच्या वाट्याचे तुकडेच उरले. प्रकरण न्यायालयात गेलं आणि मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. बदल राज्य सरकारने केला, हे खरं. पण ज्या वॉर्डांतून बागा, शाळा आणि घरांची जागा गेली, तिथून 'गिरणी कामगाराचा मुलगा' म्हणून निवडून गेलेले नगरसेवक त्या काळात सभागृहात होतेच की. त्यांनी काय ठराव मांडले? कुठल्या दिवशी कामकाज रोखून धरलं? आज घरासाठी अर्ज केलेले गिरणी कामगार आणि त्यांचे वारस दीड लाखाच्या आसपास आहेत, घर मिळालेले त्यातले थोडे, आणि बाकीच्यांना मुंबईबाहेरच्या शेलू-वांगणीचा पत्ता दाखवला जातोय. वडिलांच्या गिरणीचं नाव पत्रकात छापणाऱ्या उमेदवाराला एवढं विचारण्याचा हक्क मतदाराला आहे.

उलट बाजूलाही बघू. मृणाल गोरे वैद्यकीय शिक्षण सोडून सार्वजनिक कामात आल्या. बालपण कष्टकऱ्याचं नव्हे, मध्यमवर्गीय घरातलं. 1961 मध्ये त्या मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या आणि गोरेगावच्या पाण्यासाठी त्यांनी पालिकेला असं काही हैराण केलं की 'पाणीवाली बाई' हेच त्यांचं नाव झालं. त्याच वर्षी निवडून आलेल्या अहिल्या रांगणेकरही चाळीतल्या कामगाराची लेक नव्हत्या. बायका हंडे घेऊन पालिकेवर गेल्या त्या यांच्याबरोबर. म्हणजे साडेचारचं पाणी स्वतः न भरलेल्या माणसालाही त्याचं राजकारण करता येतं. त्यासाठी पाणी भरणारीचं ऐकावं लागतं, आणि ऐकून घरी जायचं नसतं.

सभागृहातलं काम म्हणजे काय असतं, याचा माझ्या मते सगळ्यात सुंदर दाखला पुण्यातला आहे. जोतीराव फुले 1876 पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला. बत्तीस सदस्यांत विरोधात मत एकट्या फुल्यांचं पडलं. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. फुले स्वतः तेव्हा कंत्राटदारी करत होते, अगदीच फाटके नव्हते. बत्तीसात एक मत पडलं म्हणून प्रस्ताव काही अडला नाही. पण आज आपण जे वाचतो ते त्या मताबद्दल. शहरातल्या मंडईवर एवढा खर्च करायलाही त्यांचा विरोध होता, आणि पुढे त्या मंडईला त्यांचंच नाव दिलं गेलं. आपल्याकडे नाव द्यायला फार वेळ लागत नाही.

नाव देण्यावरून आठवलं. प्रजा फाउंडेशन ही संस्था मुंबईच्या नगरसेवकांचं प्रगतिपुस्तक काढत आली आहे: हजेरी किती, प्रश्न किती, कशावर. त्यात वर्षानुवर्षं एक गंमत दिसायची. रस्त्यांना, चौकांना नावं देणं, बदलणं हा नगरसेवकांच्या प्रश्नांतला एक मोठा विषय असायचा. ही नावं मागणाऱ्यांत चाळीतली बालपणं कमी नसणार.

आता पत्रकाचा दुसरा भाग, सामाजिक कार्य. इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण मत पडतं ते बहुतेक इथे. रात्री दोनला फोन केला तर उचलतो. ॲम्ब्युलन्स पाठवतो. हॉस्पिटलात खाट मिळवून देतो, बिल कमी करून आणतो. पोरीच्या ॲडमिशनला लेटरहेडवर चिठ्ठी देतो. मयताला खांदा द्यायला येतो. शिकलेले लोक याला 'मतांसाठी चाललंय सगळं' म्हणून नाक मुरडतात, तो शुद्ध चोंबडेपणा आहे. ज्याच्या ओळखीचा डॉक्टर नाही, वकील नाही, अधिकारी नाही, त्याला ओळखीचा नगरसेवक लागतो. मतदार खुळा नसतो. सरकारी यंत्रणा त्याच्यासाठी आपणहून हलत नाही हे त्याला पक्कं माहीत असतं, आणि हलवणारा माणूस तो निवडतो.

मेख आहे ती वेगळीच. ज्याचं वजन चिठ्ठीवर उभं आहे त्याला चिठ्ठीशिवाय काम होणं परवडत नाही. पालिकेच्या दवाखान्यात औषध मिळू लागलं, दाखला खिडकीवर त्याच दिवशी मिळू लागला, नळाला दाब आला, तर रात्री दोनला त्याला फोन कोण करील? मी कुणाच्या हेतूबद्दल बोलत नाही. अगदी भल्या माणसालाही ही रचना तिकडेच ढकलते. टँकर पाठवल्याचे आभार मिळतात, जलवाहिनी बदलल्याचे मिळत नाहीत. टँकर ज्याने पाठवला त्याचं नाव टँकरवर असतं. जलवाहिनी जमिनीखाली, शिवाय मंजुरीपासून कामापर्यंत तीन वर्षं जाणार आणि तोवर वॉर्डाचं आरक्षण बदललेलं असणार. सोडतीत वॉर्ड दुसऱ्या प्रवर्गाला गेला की पेरणी याची, कापणी दुसऱ्याची. आरक्षणाला माझा विरोध नाही. 2011 पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांना मिळाल्या नसत्या तर बचत गटांतून आलेल्या कितीतरी बाया सभागृहाच्या दारातच थांबल्या असत्या. पण दर निवडणुकीला वॉर्ड फिरणार हे माहीत असलेला माणूस लांबचं काम हातात घेईल कशाला?

म्हणून समाजकार्याचा अहवाल वाचताना एक चाळण लावावी. ज्या कामानंतर लोकांना त्या माणसाची गरज कमी झाली, ते काम वेगळं काढावं. सोलापुरात नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने विडी कामगार बायकांची सहकारी गृहनिर्माण संस्था झाली. 2006 मध्ये कुंभारी इथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाच्या वसाहतीत दहा हजार घरं उभी राहिली. पुढे रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प आला आणि त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांचं वाटप जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झालं. आडम मार्क्सवादी, पंतप्रधान भाजपचे, घरं विडी वळणाऱ्या बायकांची. त्या बायकांना आता घरासाठी कुणाच्या लेटरहेडची गरज नाही. मुंबईत पाणी हक्क समितीने निवडणूक न लढवता उच्च न्यायालयात दाद मागितली. 2014 च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने सांगितलं की वस्ती बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. आर. आर. पाटील कमवा आणि शिका योजनेत शिकले, जिल्हा परिषदेतून वर आले आणि ग्रामविकास मंत्री असताना 2000 मध्ये गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. गावाने स्वतःच्या हाताने गाव झाडायचं. त्या अभियानाचा पुढे काही ठिकाणी नुसता बक्षिसाचा खेळ झाला, तेही खरं. पण त्यात मंत्र्याला रोज फोन करायची गरज नव्हती.

आणखी एक चाळण आपल्याला आयतीच मिळाली होती. मार्च 2022 मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं प्रशासक राज्य होतं. नगरसेवक नाहीत, स्थायी समिती नाही, महासभा नाही, निधी नाही. बाकीच्या बऱ्याच शहरांतही हेच. लोकशाहीचं यात नुकसान झालं, ते वादातीत. मतदाराला मात्र या काळात एक गोष्ट स्वच्छ बघायला मिळाली: खुर्ची गेल्यावर कोण वॉर्ड ऑफिसला जात राहिलं? नालेसफाईचे फोटो घेऊन, तक्रारीचे नंबर वहीत लिहून, माहिती अधिकाराचे अर्ज टाकून कोण बसलं? काही माजी नगरसेवक त्या चार वर्षांत दिसले ते फक्त गणपतीत आणि फ्लेक्सवर. काही वस्त्यांत कधीच नगरसेवक नसलेल्या बायका पाइप फुटला की थेट जलखात्याच्या माणसाला नावाने हाक मारू लागल्या. माझ्या मते यातल्याच कुणाला तरी एबी फॉर्म, म्हणजे पक्षाची अधिकृत उमेदवारी, मिळायला हवा होता. पक्षांचं गणित निराळं असतं, त्यात वहीतले तक्रारीचे नंबर धरत नाहीत.

इथून खऱ्या अडचणीकडे येऊ. 'कामगाराचा मुलगा' निवडून येतो, कामगार निवडून येत नाही. पत्रकातला बाप गिरणीत होता, उमेदवार मात्र बिल्डर, केबलवाला, ठेकेदार किंवा इस्टेट एजंट झालेला असतो. 2002 आणि 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण आणि गुन्हे उघड करायला लावले, तेव्हापासून पत्रक आणि प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवून वाचता येतं. एकात दहा बाय बाराची खोली, दुसऱ्यात कोटीतले आकडे. गरीब घरातून येऊन श्रीमंत होणं हा गुन्हा नव्हे, मी तर म्हणेन व्हावं. पण मग आपण मत देतो ते नेमकं कुणाला, त्या खोलीतल्या पोराला की कोटीच्या माणसाला?

आणि कामगार स्वतः का उभा राहत नाही, याची उत्तरं कायद्यात आणि पैशांत आहेत. मुंबईत उमेदवाराची खर्चमर्यादा या वेळी पंधरा लाख होती. महिना वीस हजार कमावणाऱ्याची ही सव्वासहा वर्षांची सगळी कमाई, आणि ही फक्त कागदावरची मर्यादा. प्रचाराचे दिवस म्हणजे सलग खाडा. वेगळं बँक खातं, रोजचा खर्च सादर करणं, थकबाकी नसल्याचा दाखला, जातपडताळणी, छाननीत एक सही चुकली तर अर्ज बाद. निकालानंतर हिशेब मुदतीत दिला नाही तर अपात्रता. पैसेवाल्याकडे यासाठी वकील आणि सीए असतो, घरकाम करणाऱ्या बाईकडे शेजारचा कॉलेजचा पोरगा. पालिकेत कायम नोकरीला असलेला सफाई कामगार तर नोकरी सोडल्याशिवाय पालिकेला उभाच राहू शकत नाही. नियम म्हणून ते बरोबर आहे. पण शहराची गटारं ज्याला तोंडपाठ आहेत तोच सभागृहाबाहेर राहतो.

मग मोठ्यांच्या सोयीचे नियम बघा. सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं तर महाराष्ट्रात नगरसेवक किंवा सरपंच होता येत नाही. आमदार, खासदार होता येतं. 1995 नंतर जन्मलेल्याला थेट सरपंच व्हायला सातवी पास असावं लागतं. कायदे करणाऱ्या आमदाराला शाळेची पायरी चढल्याचंही दाखवावं लागत नाही. शिस्तीचे धडे पायरीवर बसणाऱ्यांना, गाभाऱ्यातल्यांना माफ.

निवडून आल्यावर तरी? मुंबईच्या नगरसेवकाचं मानधन 2017 मध्ये दहा हजारांवरून पंचवीस हजार झालं. एवढ्यात मुंबईत घर चालवून सरासरी चोपन्न-पंचावन्न हजार लोकसंख्येच्या वॉर्डाचं कार्यालय, एक मदतनीस आणि फोन सांभाळायचा. ज्याचा दुसरा धंदा आहे त्याला हे जमतं. ज्याचा नाही त्याच्यासमोर दोनच वाटा: पुन्हा नोकरी, नाहीतर टक्केवारी. आपण मानधन वाढलं की बातमी वाचून चिडतो, आणि टक्केवारीबद्दल 'सगळेच खातात' म्हणून खांदे उडवतो. मला उलट वाटतं. पूर्ण वेळ काम करणाऱ्या नगरसेवकाला पोट भरेल एवढा पगार द्या, आणि ठेकेदारीशी घरातल्या कुणाचाही संबंध सापडला तर घरी पाठवा. पहिलं केल्याशिवाय दुसरं मागण्याचा नैतिक अधिकार आपल्याला येत नाही.

मुंबई सोडली तर बाकी शहरांत अडचण आणखी मोठी. तिथे बहुसदस्यीय प्रभाग, बहुतेक ठिकाणी चार जणांचे. पुण्यात एका प्रभागात पाऊण-एक लाख माणसं. गल्लीत जिला सगळे ताई म्हणतात अशी बाई एका वॉर्डात स्वतःच्या नावावर लढू शकते. लाखाच्या प्रभागात तिला पॅनल लागतं, पॅनलला नेता लागतो, नेत्याला पैसा लागतो. निवडून आल्यावर चौघांतल्या नेमक्या कुणाला जाब विचारायचा हे मतदारालाही कळत नाही. मला तर वाटतं स्थानिक माणसाला सभागृहाबाहेर ठेवण्याची याहून सोपी युक्ती सापडणार नाही. आणि ती आपल्या सगळ्या मोठ्या पक्षांनी सत्तेत असताना कधी ना कधी वापरली आहे, एकमेकांना दोष देत.

2009 मध्ये राज्याच्या महापालिका कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद झाली. गावात जशी ग्रामसभा, तशी शहरात काही मतदान केंद्रांतल्या मतदारांची मिळून सभा. तिथे वॉर्डाची कामं मांडायची, तिथे जाब विचारायचा. कायदा झाला, सभा काही होत नाहीत. नव्या नगरसेवकांपैकी ज्यांनी पत्रकात चाळ, गिरणी, आईची खानावळ लिहिली आहे, त्यांनी पहिल्या सहा महिन्यांत आपल्या वॉर्डात अशी एक सभा मागावी. रविवारी ठेवावी, संध्याकाळी ठेवावी, म्हणजे कुणाचा खाडा पडणार नाही. कडी, बल्ब, मोटर आणि साडेचारचं पाणी हे विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावेत आणि शाखेच्या माणसांनी पुढच्या रांगेत बसू नये. प्रशासन नाही म्हणालं तर तो नकार महासभेत वाचून दाखवावा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. पुढच्या निवडणुकीच्या पत्रकात छापायला त्याची प्रत मिळते, अर्ज केला की.